दोन्ही हासळ्या

अकोल्याच्या डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडासमोर धरली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, हाड दोन्हीकडचं मोडलंय. अकरा दिवस कशा राहिल्या तुम्ही?"

मला भीती वाटली नाही. त्या अकरा दिवसांची किळस आली.

कागदावर त्यांनी लिहिलं, बायलॅटरल क्लॅव्हिकल फ्रॅक्चर. क्लॅव्हिकल म्हणजे गळ्याखालून खांद्यापर्यंत जाणारं आडवं हाड. आमच्याकडे त्याला हासळी म्हणतात. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंचं.

आमची दर्यापूरजवळ फुलशेती आहे. झेंडूचं पोतं धरून मी नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसले होते. खड्डा चुकवताना गाडी घसरली. मी डाव्या खांद्यावर पडले आणि गाडी माझ्या उजव्या खांद्यावर. नवऱ्याचं कोपर तेवढं खरचटलं.

अमरावतीच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी डाव्या खांद्याचाच एक्स-रे काढायला लावला. खांदे मागे खेचून धरणारा पट्टा बांधला. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, उजवंबी लय दुखून राह्यलं." ते मोबाइलवरून मान न उचलता म्हणाले, "मुका मार आहे. बायका फार घाबरतात."

घरी आल्यावर उजव्या हासळीवर लिंबाएवढा उंचवटा आला. आतून हाडाचं टोक कातडी उचलत होतं. पुन्हा दाखवायला गेलो, तर म्हणाले, सूज आहे, ओसरेल.

हे पुस्तकात कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. दोन्ही हात गेले की माणूस जेवणावाचून राहू शकतो, संडासावाचून नाही. पहिल्या दिवशी नवऱ्याला हाक मारली. ते दारापर्यंत आले, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "माह्याच्यानं नाही होत हे. मले ओकारी येते." पुढे शेजारणीला बोलावू लागले. ती येईपर्यंत मी तशीच बसून राहायचे. पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठलं होतं. माझ्याच अंगाच्या वासाने मला घास जाईना. बघायला येणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून "कसं झालं व?" विचारायच्या. नवऱ्याचीही किळस येऊ लागली होती. बावीस वर्षांच्या संसारात असं कधी वाटलं नव्हतं.

अकराव्या दिवशी अकोल्याहून माझी मोठी बहीण शालूताई आली. पट्टा सोडून उंचवटा पाहिला आणि नवऱ्याला म्हणाली, "कावून हो, तुमाले डोये नाहीत काय?" त्याच दिवशी तिने मला अकोल्याला नेलं.

तिथे पूर्ण छातीचा एक्स-रे झाला. दोन्ही बाजू एकाच फिल्मवर. डॉक्टर म्हणाले, "दोन्हीकडे प्लेट बसवू, म्हणजे हात लवकर वापरता येतील." प्लेट म्हणजे स्क्रूने हाडावर बसवलेली धातूची पट्टी.

वॉर्डातल्या संडासात पाणी तुंबलेलं असायचं. ताई लुगडं खोचून पुढे जायची, जागा धुवायची, मग मला नेऊन धुवायची. मी रडले की म्हणायची, "चूप बस. लहानपणी तुले कोण धूत होतं?" टाके निघाल्यावर तिच्याच घरी राहिले.

ऑपरेशनला सहा आठवडे झाले तेव्हा नवरा न्यायला आला. हात तोंडापर्यंत जात होता, डोक्यावर अजून नाही. मान वाकवली की खांदे ओढायचे, म्हणून केसांना मी ताईलाही हात लावू दिला नव्हता; गुंता होऊन वास मारत होता. मी म्हटलं, "येतो मी. पण आदी माहे केस धुऊन द्या."

त्यांनी ताईकडे पाहिलं. ताई उठून आत गेली.

मोरीत मी पाटावर बसले. पहिला तांब्या ओतला तेव्हा काळं पाणी वाहिलं. केसांचा पुंजका त्यांच्या बोटांत आला. ओकारीचा आवाज मी ऐकला. मी वळले नाही. थोड्या वेळाने दुसरा तांब्या पडला, मग तिसरा. शेवटी ते म्हणाले, "डोये मिट, साबन जाईन."

सगळं माफ केलेलं नाही. पण मी घरी आले.

हे वाचणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगते. दुखणं दोन्हीकडे असेल तर एक्स-रे दोन्हीकडचा मागा, डॉक्टर चिडले तरी. आणि घरात कोणाचे हात बांधलेले असतील तर त्याच्या हाकेची वाट पाहू नका. हाक मारायला फार लाज वाटते हो.