तणमहर्षींचा तुकडा

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात तिला सगळे तणमहर्षी म्हणत. मी विभागाच्या ऑफिसात बसते, फायली नि रजेचे अर्ज सांभाळते. शास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ही पोरगी मला काकू म्हणायची, त्यामुळे तिचा विषय कानावर पडून पडून पाठ झाला होता. जमीन एकदा उकरली आणि मग माणसाने तिला हात लावला नाही, तर आधी कोण उगवतं, मागून कोण येतं, कोण कोणाला हुसकावून लावतं, याचा पाच वर्षांचा अभ्यास. त्यासाठी इमारतीमागचा एक तुकडा तिला मिळाला होता. तिथे खुरपं नाही, पाणी नाही. नुसतं गुडघ्यावर बसून बघायचं आणि टिपून ठेवायचं.

"म्हणजे काही न करण्याची पीएचडी!" मी चिडवायचे.

"काकू, काही न करणं फार अवघड असतं हो."

आणि ते खरंच होतं. सख्ख्या भावाच्या लग्नाला जाऊन ही दुसऱ्या दिवशी परत हजर, का तर कुठलंसं काटेरी झुडूप त्या आठवड्यात फुलणार होतं!

आता शेवटची मोजणी तेवढी राहिली होती. मुदतवाढ घेऊन झाली होती. वर्षअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द.

अशात तपासणी समिती येणार असं ठरलं. झालं! एरवी घोरत पडलेलं विद्यापीठ खडबडून जागं झालं. सगळ्या मोकळ्या जागा स्वच्छ करा, असं परिपत्रक आलं. तिच्या मार्गदर्शक सरांनी त्यावर न वाचताच सही ठोकली. सर वाचतात ते फक्त स्वतःचे लेख.

सोमवारी ती आली तर मागे गुळगुळीत लॉन अंथरलेलं. माळ्यांचा मुकादम घाम पुसत, खुशीत उभा.

"ताई, नुसतं रान माजलं होतं. एरवी आम्ही हात लावत नाही, पण सरांची सही होती ना! मुळासकट काढलं बघा. तुमची 'संशोधन चालू आहे' ही पाटी मात्र जपली हं. रंगसुद्धा दिला."

त्या भल्या माणसावर ओरडणार तरी काय? उपटलेलं कुठे टाकलं, एवढंच तिने विचारलं. ते ट्रकमधून केव्हाच गेलं होतं.

मी तिला घेऊन सरांकडे गेले. सर डोकं धरून बसले. "माझ्याच सहीने झालंय. आता तक्रार कुणाकडे करू? आपण नवा तुकडा घेऊ."

"सर, त्याला पुन्हा पाच वर्षं लागतील."

सर पंख्याकडे बघत राहिले. मला त्यांचा संताप आला, कीवही आली. पण माझ्या संतापाने तिथे काय उगवणार होतं?

समिती आली. लॉनवर खुर्च्या मांडल्या, चहा फिरला. गुणी विद्यार्थी म्हणून तिलाही रांगेत उभं केलं होतं. एका वयस्कर सदस्यांनी मायेने विचारलं, "तुझं संशोधन कुठे चालतं, बाळ?"

"इथेच," ती म्हणाली. "तुम्ही बसलात तिथे."

त्यांना थट्टा वाटली. ते हसले, मग सगळेच हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिला रडू आवरेना.

सर घाईघाईने पुढे झाले. "जरा भावनाप्रधान आहे," ते म्हणाले. "चला, आपण ग्रंथालय बघू या."