चुडामण मुकादमाची पहिली आखाजी

चुडामण मुकादम मेला त्याला दहा महिने झाले होते, आणि जन्मात वाटली नव्हती एवढी भीती त्याला आता वाटत होती. जिवंत माणूस घाबरला की घटाघट पाणी पितो, उगाच मागच्या दारी जाऊन येतो, बिडी पेटवतो. चुडामणला यातलं काहीच जमत नव्हतं. तो स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात होता. त्याला ऐकू यायचं, बोलता यायचं. डोळे मात्र नव्हते.

हे उद्योग त्याच्या लेकीचे. मयुरी पुण्यात असल्याच यंत्रांच्या कंपनीत नोकरीला होती. बाप छातीच्या दुखण्यानं चालला हे दिसल्यावर तिनं त्याच्या डोक्याला तारा लावल्या आणि अख्खा मेंदू डब्यात उतरवून घेतला. मग देह गेला, नदीकाठी जळाला, दहावं-तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी फळीवरून आवाज आला, "मयुरीनी माय, चहा व्हयना का?" त्याच्या बायकोच्या, बेबाबाईच्या, हातातलं पातेलं पडलं. चार दिवस ती त्या खोलीत फिरकली नाही. पण माणसाला कशाचीही सवय होते. आठवड्याभरात ती डब्याशी भांडू लागली, आणि नवरा-बायकोचं भांडण सुरू झालं म्हणजे संसार रुळावर आला म्हणायचं.

चुडामण अमळनेरजवळच्या एका जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं मुकादम होता. मूठभर कापूस दाबून त्यात ओल किती ते सांगायचा, आणि ते खरं निघायचं. शब्दाचा पक्का म्हणून नाव होतं. बांधाचं भांडण असो की सोयरिकीची बोलणी, लोक म्हणायचे, आधी चुडामण भाऊला बोलवा.

आणि हा पक्का माणूस आयुष्यात एकच खोटं बोलला होता. एकच, पण बापरे केवढं!

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जिनिंगच्या आवारात बिडीला सक्त मनाई. ती पाळली जाते की नाही हे बघायचं काम चुडामणचं. त्यानंच एका दुपारी कापसाच्या गंजीआड उभं राहून दोन झुरके मारले आणि थोटूक टाकलं. थोड्या वेळानं गंजी पेटली. नवल नावाचा हमाल सगळ्यांच्या आधी धावला आणि पेटता कापूस हातांनी ओढून बाजूला फेकू लागला. कोपरापर्यंत दोन्ही हात भाजले. मालकानं विचारलं, आग कोणी लावली? चुडामणच्या तोंडून निघून गेलं, "हात बघा ना त्याचे. दुसऱ्या कोणाचे जळालेत?"

झालं. ज्यानं विझवली त्याच्यावरच आळ आला. नवलचं काम गेलं. तालुक्यातल्या एकाही जिनिंगनं त्याला दारात उभं केलं नाही. गावानं त्याचं नाव आगलाव्या ठेवलं. शेवटी तो बायको-पोरांना घेऊन दोंडाईच्याला गेला, तसल्या हातांनी मिरच्या पसरायला आणि भरायला.

जिवंतपणी चुडामणनं ते खोटं इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे ते त्यालाच खरं वाटायला लागलं. देवानं माणसाला विसरायची सोय दिलीय ती उगाच नाही. डब्यात ती सोय नव्हती. तिथं ते थोटूक बावीस वर्षांनीही तसंच लाल होतं. दिवसातून शंभरदा गंजी पेटायची, शंभरदा नवल धावायचा. डोळेच नसल्यामुळे मिटायलाही काही नव्हतं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली तसा चुलतभाऊ मोतीलाल आबा घरी येऊन बेबाबाईला म्हणाला, "वहिनी, पहिली आखाजी शे त्यानी. घागर भरनी पडी. पन चूलमा त्यानी आगारी टाकानी आनि फळीवरथून तो बोलस, हाई चालाव नही." मेलेल्यासाठी पाण्याची घागर भरायची, निखाऱ्यावर घास, म्हणजे आगारी, टाकायची, की तो पितरांत जाऊन बसतो. मग तो घरात बोलत कसा राहील? बेबाबाई खूप रडली. शेवटी ठरलं, घास निखाऱ्यावर पडला की डबा बंद.

बंद व्हायला चुडामणची ना नव्हती. सुटका कोणाला नको? पण हे खोटं घेऊन पितरांच्या पंगतीत बसायचं? तिथं त्याचा बाप होता, आजा होता. या विचारानं तो असा घाबरला की दोन दिवस बोललाच नाही, आणि सणाला घरी आलेल्या मयुरीला वाटलं यंत्र बिघडलं.

आखाजीला दुसऱ्या घरचा एक माणूस पितर म्हणून पाटावर बसवतात. तो जेवला की मेलेला जेवला. बेबाबाई म्हणाली, शेजारच्या मगनला बोलावते.

"मगनले नको," डबा बोलला. "दोंडाईचाथून नवलले बलाव."

"ज्यानं गंजी पेटाडी त्याले? तुमनं डोकं ठिकाने शे ना?"

"त्यालेच बलाव, मयुरीनी माय. पाया पडस तुना." आता पाय धरायला हात कुठून आणणार होता कोण जाणे, पण नवऱ्यानं जन्मात असं म्हटलं नव्हतं, म्हणून तिनं मगनचं नाव सोडलं.

मयुरी गाडीनं दोंडाईच्याला जाऊन आली. "नाना, त्यांनी नुसतं ऐकून घेतलं. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असंही म्हणाले नाहीत."

आखाजीच्या दिवशी सकाळपासून चुडामण दाराकडे कान लावून होता. घागर भरल्याचा आवाज आला. आंब्याचा रस काढल्याचा आला. दुपारी ओट्यावर अनोळखी चपला वाजल्या आणि पाट सरकला. नवल आला होता.

"माले काबर बलायं?" आवाज म्हातारा झाला होता.

बायको तिथंच, लेक तिथंच, आबा तिथंच. चुडामणला वाटलं, अजून गप्प राहिलो तर कोणाला कळणार आहे? घास पडेल, डबा बंद होईल, विषय मिटेल. या विचाराचीच त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली, आणि तो बोलून गेला.

"नवल, ती बिडी मनी व्हती. थोटूक मी फेकं, आनि नाव तुनं लिधं. मी खोटं बोलनू. माले माफ कर, भाऊ."

नवल उठला की बसलाय? बेबाबाईचा चेहरा कसा झालाय? चुडामणला काहीच दिसत नव्हतं.

"चुडामण त्यानंतर एकवीस वरीस जित्ता व्हता," नवल सावकाश म्हणाला. "दोंडाईचा काय लांब शे? गाडीमा बसं तं घंटाभरनी वाट. तो कधी वना नही. आते तो नदीवर जयी गया, आनि माफी मांगस तो डबा. तुले काय माफ करू? बिडी धराले तुले हात तरी शेतस का?"

चुडामणनं एवढ्या महिन्यांत सगळं घोकलं होतं, हे एवढं सोडून.

"वहिनी, बंद करा ते," आबा घाईनं म्हणाला. "गावमा शोभा नको." बेबाबाईची बांगडी डब्यावर वाजली. तिचा हात बटणावर होता.

"थांबा," नवल म्हणाला. "चुडामणनी आगारी टाका. मी जेवस त्याना नावनं. मरेल मानूसले उपाशी ठेवानं नही. पन हाऊ डबा बंद करानं नही. मना पोऱ्या आजबी ह्या गावमा पाय ठेवत नही. याले ओट्यावर ठेवा. जो येई त्याले यानं सांगाले पाहिजे, बिडी कोनी व्हती."

"नाना," मयुरी रडत म्हणाली, "तुम्हीच सांगा. बंद करू?"

म्हणजे मेलेला चुडामण जेवून सुटणार, आणि त्याचं पाप घेऊन मागं राहणार तो हा डब्यातला. रोज गंजी पेटणार, रोज नवल धावणार, आणि रोज गावातल्या कोणापुढे तरी तोंड उघडायचं. एक हो म्हटलं की हे सगळं संपत होतं. त्याला हो म्हणायचं होतं, अगदी मनापासून.

"मयुरीनी माय, हात काढ," तो म्हणाला. "माले ओट्यावर ली चाल."

तिनं हात काढला. निखाऱ्यावर तूप चरचरलं. मग कोणीतरी त्याला उचललं, आणि रस्त्याचे आवाज मोठे झाले. आत नवलच्या ताटात वाटी ठेवल्याचं ऐकू आलं.

पहिला आला तो मगनच. "काय मुकादम, घागर भराई गयी तरी डबा चालूच?"

"बठ, मगन," चुडामण म्हणाला. "त्या गंजीनी आगनं सांगनं शे." आत नवल जेवता जेवता थांबला, आणि चुडामणनं पहिल्यापासून सांगायला घेतलं.