डबा सुस्थितीत

शाळेची व्हॅन चालवणारी शालन मगदूम हॉर्न एकदाच वाजवते. दुसऱ्यांदा वाजवायची पाळी आलीच तर ती खाली उतरून थेट दारात येते, आणि मग पोराच्या आधी आईबापाची धांदल उडते. माझी मुलगी तिच्याच पांढऱ्या ओम्नीतून जाते, त्यामुळे हे मी अनुभवानं सांगतोय. उंच, सावळी, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेली, केस घट्ट बांधलेले. पोरं फारच दंगा करायला लागली की ‘सुम्न कुंद्र!’, म्हणजे गप्प बस, एवढं कन्नडमध्ये ओरडते. मराठीत ओरडल्यावर पोरं हसतात, कन्नडमध्ये ओरडलं की गप्प बसतात, असं तिचं म्हणणं.

शालन मूळची सदलग्याची. माहेरी जैन शेतकऱ्याचं घर, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. थोरला भाऊ शिकायला बाहेर गेला तेव्हा ट्रॅक्टर हिच्या हातात आला, आणि तो परत आल्यावरही तिनं सोडला नाही. लग्न होऊन निपाणीला आली तेव्हा नवरा भरतेश किराणा दुकानात बसायचा. तिनं पहिल्याच वर्षी सांगितलं, ‘मला बसून राहायला जमत न्हाय. गाडी घेऊया.’ अशी व्हॅन आली.

पण व्हॅनच्या धंद्यातही बसून राहणं असतंच. सकाळी पोरं सोडली की दुपारपर्यंत वेळच वेळ. गॅस भरून घ्यायचा, टायरची हवा बघायची, तरी वेळ उरतो. अशाच एका रिकाम्या वेळी ती तवंदीच्या बाजूला, जुन्या रस्त्याकडेच्या एका वडाखाली व्हॅन लावून बसली होती. समोर एक तरुण मुलगी मैलाच्या दगडाभोवती घिरट्या घालत होती. फोनकडे बघायची, दगडामागं वाकायची, कुणी मोटारसायकलवाला आला की सरळ उभी राहून आभाळाकडे बघायची.

शालन खाली उतरली. “काय हरवलंय गं?”

“काही नाही आक्का, रेंज बघत होते.”

“रेंज दगडाखाली असती व्हय?”

मुलगी हसायला लागली. ती रचना, बेळगावजवळच्या पिरनवाडीची. कोल्हापूरला बहिणीकडे निघाली होती आणि वाटेत थांबली होती. तिनं सांगितलं की जगभर लोक असे छोटे डबे लपवून ठेवतात, जागेचा नेमका पत्ता ॲपवर टाकतात आणि दुसऱ्यांनी ते शोधायचे असतात. आत एक कागद असतो, त्यावर सही करायची. एखादी चिमुकली वस्तू असली तर ती घ्यायची, पण तिच्या तोडीची किंवा बरी वस्तू ठेवायची. आणि डबा होता तसा, होता तिथंच परत लपवायचा. याला जिओकॅशिंग म्हणतात आणि डब्याला कॅश.

“कॅश म्हणजे पैसे?”

“पैसे नाहीत हो. कॅश म्हणजे लपवलेली वस्तू.”

“मग डबाच म्हणूया,” शालन म्हणाली. “कॅश म्हटलं तर सगळी निपाणी खणून काढतील.”

दोघींनी मिळून शोधला. दगडात नव्हता, दगडाशेजारच्या मोरीच्या कडेला विटेमागं होता. कुणा कोल्हापूरच्या पोरांनी ठेवलेली फिल्मची जुनी डबी. सही करताना एक गाडी आली तशी रचनानं डबी मुठीत घेतली आणि गाडी लांब जाईपर्यंत शालनशी उगाच हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शालनला ते फार आवडलं. एवढ्या उघड्या रस्त्यावर काहीतरी आहे आणि रोज जाणाऱ्या येणाऱ्याला ते माहीत नाही, यात तिला गंमत वाटली. घरी येईपर्यंत तिच्या फोनमध्ये ॲप होतं, आणि त्यात नाव होतं ‘शालन व्हॅनवाली’.

त्यानंतर ती थांबली नाही. भरतेशच्या भाचीचं लग्न असो की बेळगावला दवाखान्याचं काम, वाटेत एखादा डबा असला की ती उतरायचीच. वर्षभरात तिला वाटलं, आपलाही एक डबा हवा. तवंदीच्या डोंगराच्या उतारावर रायाप्पा म्हणून म्हातारा शेतकरी आहे. त्याच्या माळाच्या वरच्या अंगाला दगडी बांध होता, आणि तिथनं घाटाचा रस्ता, निपाणीची घरं, पलीकडची रानं सगळं दिसायचं. शालन सरळ त्याच्या घरी गेली.

“आप्पा, तुमच्या बांधात एक डबा ठेवू का?”

“काय हाय त्यात?”

“कागद, पेन्सिल, पोरांच्या गोट्या. बाकी काय न्हाय.”

“करणी बिरणी न्हाय न्हवं?”

“उघडून बघा.”

रायाप्पानं उघडून बघितलं. गोट्या मोजल्यासारखं केलं, पेन्सिलीला टोक आहे का बघितलं. “खणणार हायस?”

“खणणार न्हाय. खिळा मारणार न्हाय. दगड हाय तिथंच राहील. येणारी माणसं बांधावरनं येतील, पिकात पाय घालणार न्हाईत. कुणी घातला तर मला फोन करा, मी डबा उचलते.”

“आणि मला काय मिळणार?”

“काय मिळणार न्हाय आप्पा.”

म्हातारा हसला. “मग ठेव. काय मिळणार म्हणाली असतीस तर ठेवू दिला नसता.”

हा डबा चांगला चालला. कोल्हापूरचे, पुण्याचे, एकदा गोव्याला निघालेलं एक परदेशी जोडपंही चढून गेलं. शालन महिन्यातून एकदा स्वतः वर जायची, कागद बघायची, झाकण पुसायची. ज्यानं डबा ठेवला त्यानं त्याला सांभाळायचं, हा या छंदातला मोठा नियम आहे, आणि तो तिला कुणी शिकवावा लागला नाही.

आता जिनेंद्र चौगुले. निपाणीत त्यांचं औषधांचं दुकान आहे. त्यांची दोन्ही पोरं शालनच्या व्हॅनमध्ये. पोरांनीच घरी सांगितलं की आक्का डबे शोधते, आणि जिनेंद्र एक दिवस व्हॅनच्या खिडकीशी येऊन म्हणाले, “आक्का, मलाबी दाखव की.” शालननं दाखवलं. पंधरवड्यात त्यांनी चढणीचे बूट घेतले, टोपी घेतली, पाठीवरची सॅक घेतली. बेळगावला खडेबाजारात एक डबा होता. तिथं भर गर्दीत कुणाच्या नजरेत यायचं नाही म्हणून ते एका दुकानाच्या पायरीशी वाकून पुन्हा पुन्हा बुटाची नाडी बांधत राहिले. शेवटी बांगड्यांच्या दुकानदारानं स्टूल आणून दिलं, “काका, बसून बांधा की.” ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. माणूस मोकळा. पण सापडलेल्या डब्यांचा आकडा मात्र गिऱ्हाइकालाही ऐकवायचे.

श्रावणात कुणीतरी शालनच्या डब्याचं झाकण नीट लावलं नाही. ती गेली तेव्हा आतल्या कागदाचा लगदा झालेला. तिनं डबा काढून घरी आणला, धुतला, आणि स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीशेजारी पालथा घालून ठेवला. डबा सध्या जागेवर नाही असं ॲपवर लिहायचं होतं. पण त्याच संध्याकाळी व्हॅनची क्लच वायर तुटली, मेकॅनिक शोधण्यात वेळ गेला आणि लिहायचं राहून गेलं.

रविवारी दुपारी ती पोळ्या लाटत होती, तर फोन वाजला. ॲपवर नोंद आली होती. जिनेंद्र चौगुलेंनी लिहिलं होतं, ‘सापडला. झकास जागा. डबा सुस्थितीत.’

शालननं लोणच्याच्या बरणीकडे बघितलं. डबा पालथाच होता. ती एवढी हसली की भरतेश बाहेरनं आत आला. मग त्यानंही वाचलं आणि तोही हसला. हसून झाल्यावर ती म्हणाली, “ही नोंद काढावी लागणार.”

“सोड की. गिऱ्हाईक हाय आपलं.”

“गिऱ्हाईक व्हॅनचं हाय. डब्याचं न्हवं.”

ज्याचा डबा त्याला खोटी नोंद काढून टाकता येते, काढावीच असा संकेत आहे. पण परस्पर काढायची नाही, आधी माणसाशी बोलायचं, असं शालननं ठरवलं. सोमवारी पोरं सोडून ती दुकानात गेली. गिऱ्हाइकं जाईपर्यंत कडेला उभी राहिली.

“अण्णा, काल डोंगरावर गेलतासा?”

“व्हय की. सापडला की डबा.”

“झाकण बसत हुतं का हो? मला तीच काळजी.”

“घट्ट. लई घट्ट.”

“अण्णा, डबा माझ्या घरात हाय. गुरुवारपासनं.”

जिनेंद्रांच्या हातातली गोळ्यांची पाकिटं तशीच राहिली. त्यांचा चेहरा आधी पडला, मग तापला. त्यांनी फोन काढून तिच्यापुढं धरला. फोटोत रायाप्पाचा बांध होता, नेमकी तीच फट, आणि त्यात कोपरापर्यंत घातलेला त्यांचाच हात. दुसऱ्या फोटोत गुडघ्यापर्यंत चिखल.

“मी गेलतो. पावसात चढलोय, घसरलोय. जागा हीच हाय का न्हाय?”

“हीच.”

“मग डबा तू उचलून नेलास त्यात माझा काय दोष? उचललाय म्हणून लिवलंस कुठं?”

हे शालनला लागलं. तिनं नजर खाली केली नाही, पण लागलं. “न्हाय लिवलं. ती चूक माझी. तुमची चढण माझ्यापायी फुकट गेली, त्याबद्दल माफी मागते.”

“मग झालं तर.”

“झालं न्हाय अण्णा. जागा सापडली, डबा कुठं सापडला? सही कुठं हाय? आणि ‘सुस्थितीत’ ते कुठनं आणलंसा? ते वाचून उद्या पुण्याचा माणूस चढला असता की.”

जिनेंद्रांनी फोन खिशात घातला.

“तुमची तुम्हीच नोंद काढा. कुणाला कळणार न्हाय. उद्या सांजपर्यंत थांबते, मग मी काढते.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नोंद तशीच होती. आला तो फोन, त्यांच्या बायकोचा, प्रणितावैनींचा. आवाज अवघडलेला. “शालनआक्का, उद्यापासनं पोरांना हेच सोडणार म्हणायलेत.”

“बरं वैनी,” शालन म्हणाली. “धाकट्याची पाण्याची बाटली व्हॅनमध्ये राहिल्या. सकाळी दारात ठेवून जाते.”

फोन ठेवून तिनं नोंद काढली. मग त्याच पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : ‘डबा दुरुस्तीला घरी आणला होता. वेळेत कळवलं नाही, ही माझी चूक. त्या दिवसांत जे चढून गेले आणि रिकाम्या हातानं परतले त्यांची माफी मागते. डबा उद्या पुन्हा जागेवर असेल.’ कुणाचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरं शाळेत सोडून ती डोंगर चढली, आणि कोरडा कागद, नवी पेन्सिल घालून डबा फटीत ठेवून आली.

त्या आठवड्यात जिनेंद्र स्कूटरवरनं पोरं नेत होते. पुढं एक, मागं एक, दप्तरं आणि वर एक छत्री. दुकान उशिरा उघडायचं. शाळेच्या फाटकाशी व्हॅन आणि स्कूटर शेजारी आली की पोरं शालनला हात करायची आणि शालनही करायची, त्यांच्या बापासकट सगळ्यांना. मी तिला विचारलं, “वाईट नाही वाटत?” ती म्हणाली, “वाटतंय की. पोरं गोड हाईत. पण मी खरं तेच केलंय, त्यामुळं झोप लागती.”

रविवारी ॲपवर दोन नोंदी आल्या. पहिली मागच्या रविवारच्या तारखेची : ‘शोधला. सापडला नाही.’ दुसरी त्या दिवसाची : ‘आज सापडला. सही केली आहे. झाकण स्वतः दोनदा दाबून बघितलं.’ दोन्ही जिनेंद्र चौगुलेंच्या. पहिली नोंद कुणी मागितली नव्हती. न सापडल्याची नोंद करणं हा रिवाज आहे खरा, म्हणजे डबा हरवला की काय हे मालकाला कळतं. पण सापडल्याचा आकडा मिरवणाऱ्या माणसाला ते लिहिणं सोपं नसतं, हे शालनला चांगलं माहीत होतं. तिनं भरतेशला वाचून दाखवलं आणि म्हणाली, “माणूस पावसात दोनदा चढला बघ.”

सोमवारी सकाळी जिनेंद्र गल्लीच्या तोंडाशी पोरांना घेऊन उभे होते.

“आक्का, जागा हाय का पोरांस्नी?”

“हाय की. चढा रं.”

पोरं चढली. जिनेंद्र खिडकीशी रेंगाळले. “रायाप्पानं मला चहा पाजला. म्हणाला, मागल्या वेळी तुमी बांधाशी मिठी मारून बसलासा ते खालनं बघितलं हुतं मी.”

शालन स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसली, तसे तेही हसले.

दिवाळीनंतर जिनेंद्रांनी स्वतःचा पहिला डबा ठेवला, सदलग्याकडे दूधगंगेच्या काठी. तिथल्या मळेवाल्याला रीतसर विचारून, सगळं नियमानं. शालन ऐन माहेरच्या मातीत गेली, मोठ्या दिमाखात, आणि पार शोधून दमली. पायऱ्या बघितल्या, मोटारीची खोली बघितली, चिंचेच्या ढोलीत हात घातला. पोरं आणायची वेळ झाली तशी परतली आणि व्हॅनमध्ये बसल्या बसल्या लिहिलं, ‘शोधला. सापडला नाही. गाव माझंच असूनही.’

दुपारी जिनेंद्र दुकानाच्या बाहेर येऊन उभेच होते. “एक खूण सांगू का आक्का?”

“काय नको,” शालननं गिअर टाकला. “येत्या शनिवारी अर्धी शाळा हाय. काढतेच.”