धुळाप्पाची वाघर

आधी गुडघा, मग भाकरी. दिवस मावळताना मेंढरांभोवती सुतळीच्या जाळीची वाघर लावून झाली की धुळाप्पा एकेका मेखेपाशी थांबे आणि जाळीला गुडघा लावून दाबून बघे. जाळीनं गुडघा परत ढकलला तर पुढची मेख, नाहीतर सोडून पुन्हा बांधणं. तोवर त्याची बायको सत्यव्वा भाकरीचं फडकं सोडत नसे. मला म्हणायची, "वैनी, ह्येंचं लगीन वाघरीसंगट झालंय, मी आपली मागनं आली."

ही दुसऱ्या लढाईच्या कितीतरी आधीची गोष्ट. मंद्रूपजवळच्या आमच्या रानातली ज्वारी निघाली की खतासाठी त्याची मेंढरं दरसाल येऊन बसायची. माणूस फटकळ, पण वाघरीबद्दल बोलताना आवाज मऊ व्हायचा. "अंबाडीची सुतळी लई लहरी, वैनी. भिजली की आवळती, वाळली की सैलावती. येकदा बांधून मोकळं झालं, असं व्हत न्हाय. तिला पुन्यांदा इचारावं लागतं." सैल जाळीत कोकरू मान अडकवून घेतं आणि सैल जाळीखालून लांडगा आत येतो, हे त्यानंच मला सांगितलं.

त्याचा एकुलता एक लेक बिरू. मिसरूड फुटलेला, सदा हसरा. तिघंही मेंढरांसोबत वाघरीच्या आतच निजायचे. एके दिवशी धुळाप्पा तापानं फणफणला होता, म्हणून वाघर बिरूनं लावली. बाजारातून यायला उशीर झालेला, एक बाजू घाईत बांधली. सकाळी गाभण मेंढी फाडलेली सापडली. मी ताकाचं मडकं घेऊन तिथं पोचले होते, तेव्हा माझ्यादेखत धुळाप्पा म्हणाला, "ज्याला वाघर बांधता येत न्हाय, त्यानं आत निजायचं न्हाय."

बिरूनं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि सोलापूरच्या वाटेला लागला. तिथं गिरणीत लागला, असं पुढं कानावर आलं.

चार दिवसांत राग निवेल आणि येईल पोरगा, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. तो आला नाही. सत्यव्वा नवऱ्याच्या पाया पडायची, "जावा की, घेऊन या." तो म्हणे, "बापानं जायाचं व्हय?" मला असा संताप यायचा! अहो, मंद्रूपहून सोलापूर म्हणजे काय विलायत? पण हट्टाला औषध नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मेंढरं आली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सोलापूरच्या वाटेकडचा कोपरा धुळाप्पा गाठ मारून बांधत नाही. नुसता फास टाकतो, बाहेरून ओढला की सुटणारा. तिथं तो गुडघाही लावत नसे. "मामा, हा कोपरा ढिला का?" मी विचारलं. त्यानं सोलापूरच्या वाटेकडं मान केली. "आला तर हाक मारावी लागंल त्याला. लाजंल. असं आसलं म्हंजे आपला आपण आत यील की."

त्याच कोपऱ्यातून लांडग्यानं कोकरू नेलं. सत्यव्वानं गाठ मारायला सांगून पाहिलं. संध्याकाळी त्यानं जाळी सांधली आणि पुन्हा फासच टाकला.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गिरणीतला एक गाववाला आमच्या घरी आला. बिरू गेल्या पावसाळ्यातच पटकीच्या साथीत गेला होता. मेंढरं कुठल्या रानात फिरताहेत, हे कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून निरोप पोचला नव्हता. एवढे महिने धुळाप्पा रोज तो कोपरा मेलेल्या लेकासाठी उघडा ठेवत होता. 

सत्यव्वा आमच्या अंगणात ऊर बडवत होती. दिवस मावळायला तिला धरून मी रानात नेलं. धुळाप्पाला गाववाल्यानं रानात जाऊन सांगितलं होतं, तरी तो वाघर लावत होता. सोलापूरकडच्या कोपऱ्याशी आला, फास काढला, सुतळी ओढली आणि गाठीवर गाठ मारली. मग एकेका मेखेपाशी गुडघा लावत सगळा फेरा पुरा केला. फेरा झाल्यावर आपलं घोंगडं उचललं आणि वाघरीच्या बाहेर, उघड्या रानात अंथरलं.

"मामा, आत निजा. लांडगे आहेत."

"ज्याला वाघर बांधता येत न्हाय, त्यानं आत निजायचं न्हाय, वैनी."

 मी त्या कोपऱ्याशी गेले आणि जाळीला गुडघा लावून पाहिला. जाळी तिथंही ढिली नव्हती.