सिद्रो दारातून आत येतो

पेर्पेतुआ माग्सिनोने पस्तीस वर्षं मधली चित्रं काढली. कार्टूनच्या धंद्यात मोठे चित्रकार फक्त महत्त्वाची चित्रं काढतात. ससा उडी मारायला वाकला, हे एक, आणि ससा कुंपणापलीकडे पडला, हे दुसरं. मधल्या वेळात तो हवेत कुठे कुठे होता हे कुणीतरी काढावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे केसोन सिटीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेखाली दिवा लावलेल्या टेबलाशी बसलेली पेता. परदेशातले ससे, परदेशातली अस्वलं, परदेशातल्या राजकन्या, सगळ्यांचं मधलं आयुष्य हिच्या पेन्सिलीतून गेलं. शेवटी पडद्यावर नावं यायची तेव्हा हिचं नाव इतक्या घाईने वर सरकायचं की लेकीला लहानपणी ते कधी पुरतं वाचता आलं नाही. पेताने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. वाईट वाटून घेणं हा प्रकारच तिने सोडून दिला होता.

तिच्या स्वतःच्या नावावर एकच गोष्ट होती. चोवीस पानांचं, रंगीत चित्रांचं लहान मुलांचं पुस्तक, 'नववी पहाट'. डिसेंबर लागला की देशातली एकही शाळा ते वाचल्याशिवाय सुट्टीवर जात नसे.

पुस्तकातल्या इस्साचा बाप बोटीवर खलाशी. नाताळाआधीच्या नऊच्या नऊ पहाटे चर्चला जायचं, एकही चुकवायची नाही, मग मनातलं मागणं पुरं होतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इस्साचं मागणं एकच, ताताय, म्हणजे बाबा, घरी यावा. आठ पहाटे ती डोळे ताणून बसते. नवव्या पहाटेही उठते, जाते, आणि फादर बोलायला लागल्यावर आईच्या मांडीवर चक्क झोपून जाते. शेवटच्या पानावर उघडं दार, पायरीवर इस्सा, हातात केळीच्या पानावरची गरम बिबिंगका, नाताळातला तांदळाचा केक. बाप आला की नाही, ते पुस्तक सांगत नाही.

यावरून शाळाशाळांतून केवढी भांडणं! झोपली ती पहाट धरायची की नाही? एका गावच्या फादरने म्हणे प्रवचनात सांगितलं, देव झोपलेल्यांचीही हजेरी लावतो. शेजारच्या गावच्या फादरने पुढच्याच रविवारी ते खोडून काढलं. पेताला मात्र कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

कारण गोष्ट तिच्याच घरातली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी नवव्या पहाटे झोपली ती तिची नऊ वर्षांची लेक दिवीना, आणि त्याच आठवड्यात वादळात बुडाली ती तिचा नवरा सिद्रो खलाशी होता ती मालवाहू बोट. तेवीस माणसांपैकी अकरा सापडली. सिद्रो सापडला नाही. पत्रात शब्द होता 'बेपत्ता'. पेताने तो शब्द जसाच्या तसा घरात ठेवून घेतला. पुढच्या वर्षी तिने पुस्तक काढलं, शेवटच्या पानावरचं दार उघडं सोडलं, आणि त्यानंतर तिला विशेष काही वाटलं नाही. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. खंबीर कसली, बधिर होती. दाढ काढताना गाल सुन्न करतात, तशी. फरक इतकाच, की हिचा सुन्नपणा उतरलाच नाही.

घरात दुसरी बाई होती ती सासू, बासिल्या. आता शहाऐंशीची, पण जीभ विशीतली. मारिकिना उपनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत सत्तावीस वर्षं एकच भांडण चाललं होतं. माणूस गेला की नऊ संध्याकाळी घरात जपमाळ म्हणायची, शेजारीपाजारी बोलवायचे, त्यांना खाऊपिऊ घालायचं, गेलेल्याच्या आत्म्याला शांती मागायची. त्याला पासियाम म्हणतात. सिद्रोचा पासियाम झालेला नव्हता. पेता करू देत नव्हती.

"माझा पोरगा भटकतोय पाण्यावर," म्हातारी दर नोव्हेंबरात सुरू व्हायची. "कुत्र्यामांजराचंसुद्धा लोक काहीतरी करतात. तू करणार आहेस की मी मेल्यावर दोघांचा एकदम उरकणार आहेस?"

"बेपत्ता आहे तो, नानाय. मेलेला नाही."

"सत्तावीस वर्षं बेपत्ता? काय रस्ता चुकलाय?"

"भात वाढू का?"

"वाढ. आणि मासा जरा कमी जाळत जा."

भांडण नेहमी जेवणापाशी येऊन थांबायचं. पालथ्या घड्यावर पाणी, पण म्हातारीने ओतायचं सोडलं नाही.

मग जानेवारीत पेताच्या स्टुडिओने ठरवलं की पुरे झाले परक्यांचे ससे, आता आपला सिनेमा करायचा. नाताळाच्या सुट्टीत टीव्हीवर लागणारा तासाभराचा सिनेमा, 'नववी पहाट'. दिग्दर्शक वेंडेल. तिथे दिग्दर्शकाला सगळे 'दिरेक' म्हणतात, मग तो काल शाळेतून सुटलेला का असेना. हा वेंडेल पंधरा वर्षांपूर्वी पेताच्याच टेबलाशी पेन्सिलीला टोक काढायला शिकला होता, आणि अजूनही तिला 'आते', म्हणजे ताई, म्हणायचा. तो तिच्यासमोर येऊन बसला आणि घसा खाकरत राहिला.

"आते, एक अडचण आहे."

"शेवट."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? उघडं दार दाखवून सुट्टीचा सिनेमा संपवला तर आख्ख्या देशातली पोरं जेवायच्या वेळी भोकाड पसरतील."

"टीव्हीवाले म्हणतात, बाप आला पाहिजे. मी खूप भांडलो, आते. तुम्ही नाही म्हणालात तर मी सिनेमा सोडतो. आईशप्पथ."

सगळा मजला काम थांबवून ऐकत होता. बाई आता पेटणार, पुस्तक काखेत मारून घरी जाणार, अशी सगळ्यांची खात्री. पेताने आत डोकावून पाहिलं, राग आहे का, दुःख आहे का. तिथे काहीच नव्हतं, झाडून ठेवलेल्या खोलीसारखं.

"येऊ दे," ती म्हणाली. "तो दारातून येतो ते सगळं मी काढीन. महत्त्वाची चित्रंही आणि मधलीही."

वेंडेलला हायसं वाटलं, पण त्याच्या चेहऱ्यावर थोडी निराशाही होती. भांडणाची तयारी करून आलेल्या माणसाला कुणी चहा दिला की व्हावं तसं त्याचं झालं.

ऑगस्टच्या शेवटी त्या दृश्याची पाळी आली. कागद लावला, दिवा पेटवला, आणि पेन्सिल हलेना. सिद्रो कसा चालायचा? चेहरा होता, फोटो होते. चालीचा फोटो निघत नाही. पेताने अस्वलांना चालवलं होतं, भुतांना, झाडांनासुद्धा. नवऱ्याला चालवता येईना. सकाळपासून दुपारपर्यंत तिने अकरा कागद फाडले, आणि अकराही जण कुठल्यातरी परदेशी कार्टूनातले काका होते.

रविवारी दिवीना जेवायला आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स. लग्न केलं नाही, आणि कारण विचारणाऱ्याला ती स्वतःच इंजेक्शन देईल अशी मुद्रा. म्हातारी आत झोपली होती. पेताने लेकीच्या हातात कपड्यांची जड पिशवी दिली आणि म्हणाली, "जरा गल्लीतून दारापर्यंत चालत ये."

"कशाला?"

"तू बापासारखी चालतेस, सगळे म्हणायचे. मला काढायचंय."

दिवीना पिशवी घेऊन उभी राहिली. हललीच नाही. "इनाय, तुला एक सांगू? रागावू नकोस. तू त्या पुस्तकात मला आख्ख्या देशासमोर झोपवलंस. शाळेत पोरं म्हणायची, ही झोपली म्हणून हिचा बाप बुडाला. अजून वॉर्डातली मुलं ते पुस्तक घेऊन येतात, 'नर्सताई, वाचून दाखवा.' मी दाखवते. झोपेचं पान आलं की मला पाणी प्यायला जावं लागतं."

असं काही पोरीच्या मनात असेल हे पेताला सत्तावीस वर्षांत सुचलं नव्हतं. सुचायला हवं होतं. आई होती ती.

"मी तसं लिहिलं नव्हतं गं."

"माहितीये. म्हणून तर बोलले नाही." दिवीनाने नाक पुसलं. "येऊ दे त्याला सिनेमात. निदान तिथे तरी माझी झोप माफ होईल. बघ आता, चालते."

ती गल्लीच्या टोकाला गेली आणि चालत आली. पिशवी उजव्या हातात, त्यामुळे डावा खांदा वर, डावं पाऊल जरासं बाहेर, उंबऱ्यापाशी आल्यावर उगाच थांबून मागे एक नजर. पेताने पेन्सिल उचलली. तोच होता. अगदी तोच.

"पुन्हा ये."

दिवीना पाच वेळा आली. पाचव्या वेळी ऊन तिच्या डोक्यावर पडलं आणि कानापाशी पांढरे केस दिसले.

"तुझे केस पिकले?"

"छत्तीसची झाले, इनाय. ताताय किती वर्षांचा होता गं तेव्हा?"

"छत्तीस," पेता म्हणाली. बोलताच तिने पेन्सिल खाली ठेवली.

आठवडाभर तिने ते दृश्य काढलं. हात भरभर चालत होता. चालणं जमलं, खांदा जमला, उंबऱ्यापाशी मागे वळून पाहणंही जमलं. काम करता करता तिच्या ध्यानात एक गोष्ट येत गेली, आधी हिशोबासारखी, मग निराळीच. आज सिद्रो असता तर त्रेसष्टचा असता. पोट सुटलं असतं, कदाचित गुडघा धरला असता, कदाचित टक्कल. त्रेसष्टचा सिद्रो कसा चालतो हे तिला काढता येत नव्हतं. एकदाही तिने त्याला म्हातारा होऊ दिलं नव्हतं. स्वतः एकसष्टची झाली, सासूचे दात गेले, लेक बापाच्या वयाला येऊन ठेपली, आणि ती सगळा वेळ छत्तीस वर्षांच्या माणसाची वाट पाहत होती. तो माणूस कुठल्याच दारातून येणार नव्हता. दोन टोकांची चित्रं असली तर मधली काढता येतात. हिच्याकडे एकच टोक होतं. पस्तीस वर्षं हाच धंदा केलेल्या बाईला ते कळायला इतका उशीर झाला.

वेंडेलने दृश्य चालवून पाहिलं. पडद्यावर सिद्रो गल्लीतून आला, उंबऱ्यापाशी थांबला, मागे पाहिलं, आत आला. इस्सा धावली आणि वडीलधाऱ्यांना करायच्या तिथल्या नमस्काराप्रमाणे तिने त्याचा हात आपल्या कपाळाला लावला. मजल्यावरच्या पोरी रडल्या. वेंडेलही डोळे पुसत होता.

"आते, जिवंत आहे हा. पण माझ्यापेक्षा लहान दिसतो."

"लहानच आहे," पेता म्हणाली आणि लवकर घरी गेली.

सप्टेंबर लागला होता. शेजारच्या रेडिओवर नाताळची गाणी सुरू झाली होती, तिथली रीतच तशी. म्हातारी दाराशी बसून लसूण सोलत होती. पेता तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"नानाय, आपण पासियाम करू."

"कुणाचा?"

"सिद्रोचा."

म्हातारीच्या हातातली पाकळी तशीच राहिली. पेताला वाटलं, ही आता देवाचे आभार मानेल, नाहीतर 'इतक्या वर्षांनी शहाणपण सुचलं' म्हणून टोमणा मारेल. बासिल्याने दोन्ही केलं नाही.

"घाई काय आहे?" ती म्हणाली. "नाताळ होऊ दे."

"सप्टेंबर आहे, नानाय."

"मग? आलाच की नाताळ. गाणी ऐकू येत नाहीत तुला? बोटीवरची माणसं नाताळलाच येतात. सगळ्यांची येतात."

"तुम्हीच तर म्हणत होतात. सत्तावीस वर्षं म्हणत होतात."

"म्हणत होते!" म्हातारी एकदम ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. "तू नाही म्हणत होतीस म्हणून म्हणत होते! मला माहीत होतं ना, तू करू देणार नाहीस. मी त्याला रोज मारायची आणि तू रोज जिवंत ठेवायचीस. आता तूही हो म्हणालीस तर पोरी, त्याच्या बाजूने या घरात राहिलं कोण?"

लसणाची टोपली कलंडली. पेताच्या घशातून एक आवाज आला, जो तिने स्वतः कधी ऐकला नव्हता. ती सासूच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, ओक्साबोक्शी, गल्लीतल्या बायका दाराशी येईपर्यंत. बासिल्याने लसणाचा वास येणारा हात तिच्या केसांवर ठेवला आणि दाराशी जमलेल्या बायकांना म्हणाली, "काही नाही, बायांनो. आमचा सिद्रो गेला."