आमच्या हापशाचं पाणी

शाळा समितीच्या अध्यक्षांनी माझ्या हातातली बाटली घेतली, उजेडात धरली आणि विचारलं, "हे पाणी कुठलं?"

"आमच्या वस्तीतल्या हापशाचं," मी म्हणाले.

त्यांनी बाटली लगेच टेबलावर ठेवली. खिशातून रुमाल काढला. हात पुसले. एकेक बोट पुसलं. मग म्हणाले, "पाण्याला काय झालंय? ह्यांची भांडीच तसली."

सगळे हसले. मास्तर, पालक, माझ्या वर्गातली पोरं. लई हसले.

तेर गावाजवळच्या आमच्या गावात, शाळेत त्या दिवशी विज्ञान प्रदर्शन होतं. मी नववीत. शिकलेलं आपल्या शब्दांत सांगा, असं विज्ञानाच्या बाई म्हणाल्या होत्या. मी पाणी तपासायला शिकले होते. तपासणीचं औषध घातलेल्या बाटलीत पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं. काळं पडलं तर त्यात मैला मिसळलाय. गावच्या टाकीचं पाणी तसंच राहिलं. आमचं काळं झालं. वरच्या गल्लीची गटार आमच्या हापशाच्या बुडाशी येते. धाकटा भाऊ त्या पावसाळ्यात दोनदा दवाखान्यात पडून होता. हे सगळं मला सांगायचं होतं.

बाईंनी मला बाजूला घेतलं. टाकीच्या पाण्याची बाटली हातात दिली, एवढीच दाखव म्हणाल्या.

"बाई, तुम्हीच शिकवलंय," मी म्हणाले.

मी टाकीची बाटली त्यांना परत दिली. माझं टेबल उचललं गेलं.

अध्यक्ष गावातले मोठे बागायतदार. आई त्यांच्याच रानात खुरपायला जायची. दुसऱ्या दिवशी तिला बांधावरूनच परत पाठवलं. पोरीनं येऊन माफी मागावी, मग कामावर या, असा निरोप.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "शाळंत शिकल्यालं शाळंतच ठिवावं, बाय."

मी गेले. आईसाठी गेले. वरच्या गल्लीतल्या त्यांच्या घराच्या पायरीखाली उभी राहिले. ते बाहेर आले. म्हणाले, "बोल. चुकलं म्हण."

तोंड उघडलं. सलाईन लावलेला भाऊ डोळ्यांपुढं आला.

"पाणी खराब हाय, मालक. माझं काय चुकलं न्हाय."

आणि मी वळले.

आईला ते रान कायमचं बंद झालं. आता ती चालत शेजारच्या गावाला जाते. हापसा तिथंच आहे. गटार तिथंच आहे. गटारीसाठी मी ग्रामपंचायतीत दिलेल्या अर्जांची पोच मिळाली, उत्तर नाही. वस्तीतली माणसंसुद्धा म्हणतात, गप बस, आमची पण कामं जातील. त्यांचं खोटं नाही.

मला आता अठरा वर्षं पूर्ण झाली, ग्रामसभेत बोलायचा हक्क मिळाला. परवा ग्रामसभा आहे. काही बदलेल असं मला वाटत नाही. तरी मी उभी राहणार. नाव सांगणार, वस्ती सांगणार, गटार कुणाच्या दारावरून येते तेही सांगणार. माईक काढून घेतला तर बिनमाईकचं सांगणार. आणि माझं बोलणं सभेच्या वहीत लिहून घेतल्याशिवाय खाली बसणार नाही.