बोटीवरच्या काकांच्या तीन भाषा

आमच्या शेजारचे बोटीवरचे काका म्हणजे काशीदपासून हरिहरेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर नॉर्वेजियन भाषेत मांजर हाकलणारे एकमेव गृहस्थ. उमेदीची वर्षं त्यांनी नॉर्वेच्या मालवाहू बोटीवर स्वयंपाक करण्यात घालवली. कप्तान स्वीडिश, इंजिनियर डॅनिश, बाकीचे नॉर्वेजियन. जेवताना सगळे आपापल्या भाषेत भांडत आणि दुभाष्यावाचून भांडण छान रंगे. तेव्हापासून काकांचा सिद्धान्त असा, की एक भाषा शिकली की दोन फुकट मिळतात. "रेवसचा, काशीदचा नि हरिहरेश्वरचा एका होडीत बसले तर बोलनं अडतंय काय? न्हाय. तसंच हाय त्यांचं," हे ते दाढी करून घेताना न्हाव्यालासुद्धा समजावतात. फिनिशचं नाव काढलं, तर "ती शेजारीण, भावकीतली न्हाय," म्हणून विषय संपतो. स्वीडिश लिहिताना नखरे करते, पण बोलली की कळते. डॅनिश कागदावर थेट नॉर्वेजियनसारखी, मात्र बोलताना निम्मे शब्द गिळते, हेही आम्हाला तोंडपाठ आहे.

काकांचा मुलगा डेन्मार्कला असतो. सून तिथलीच, आणि सात वर्षांच्या नातीला मराठीतलं 'आजोबा' एवढंच येतं, बाकी सगळं डॅनिश. मुलाच्या मध्यस्थीशिवाय नातीशी फोनवर बोलायचं ठरलं, तेव्हा काकांनी अर्धी आळी ओटीवर जमवली. ते घडाघडा नॉर्वेजियन बोलले. पोर हसून काहीतरी म्हणाली. काकांनी कान पुढे केला, आवाज चढवला आणि शेवटी "नेट खराब हाय" म्हणून फोन बंद केला. नेट उत्तम होतं, कारण फोन माझाच होता. पुढे मुलाने "बाबा, इकडे या" म्हटलं की काकांची नेमकी बागेतली सुपारी उतरवायची असे. वर्षात इतक्या वेळा सुपारी उतरवणारा बागायतदार मी पाहिलेला नाही. एकदाच ते मला खरं बोलले, "जाऊन काय करू? पोरीसमोर मुका बसू?" मला फार वाईट वाटलं.

गेल्या रविवारी मुलाचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होतो. नातीने या वेळी न बोलता वहीचा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. काकांनी चष्मा लावला आणि सगळं सरळ वाचून काढलं. मग आतून पाटी आणली. अर्धा तास इकडून पाटी, तिकडून कागद. पडलेला दात झाला, शाळेतली भांडणं झाली. शेवटचा कागद वाचून मात्र काकांनी पाटी खाली ठेवली. मी अर्थ विचारला.

"म्हनते, आजोबा, तुम्ही या. मी हळू बोलीन."

त्यांनी डोळे पुसले आणि पासपोर्ट कुठल्या पेटीत ठेवलाय ते बघायला आत गेले. फोनवर पोर उत्तराची वाट बघत होती. मला त्या तिन्हींपैकी एकही भाषा येत नाही, म्हणून मी नुसता हात हलवत राहिलो.